बाराव्या दिवशी पाणी आलं

प्रश्न : माझं वय ३९. विजापूर रोडला राहते आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. दिवसाचे आठ तास खुर्चीतच जातात. दोन वर्षांपूर्वी जिमची सहा महिन्यांची फी एकदम भरली, सात आठवडे गेले, मग मुलीची दहावी आली आणि सगळं सुटलं. आता पुन्हा तेवढे पैसे घालायचे नाहीत, म्हणून घरीच करायचं ठरवलं. पहाटे मोबाइलवर ४५ मिनिटांचा व्हिडिओ लावून सलग ११ दिवस केलं. बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं, तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी अंग जड, तिसऱ्या दिवसापासून गौरी-गणपतीची तयारी. त्यानंतर चटई उलगडलीच नाही. असं तिसऱ्यांदा झालं. वजन ७१ किलो, ११ दिवसांत काटा जराही हलला नाही. खाली बसून उठताना गुडघे वाजतात. सासूबाई म्हणतात, घरकाम हाच व्यायाम. माझ्यात चिकाटीच नाही का? हे टिकवायचं कसं?
— एक वाचक, सोलापूर

ताई, दर ३१ मार्चला कारखान्याचा ताळेबंद जुळवणाऱ्या बाईत चिकाटी नाही, हे आम्हाला पटत नाही. तुमच्या पत्रातली कामाची माहिती बाराव्या दिवसाच्या ओळीत आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते पहाटे येईल की रात्री अकराला, याचा नेम नसतो. अशा घरात ‘रोज पहाटे ४५ मिनिटं’ हा बेत आठवडा-दोन आठवड्यांत मोडणारच होता. तुमचा अकरा दिवस टिकला, हेच खूप झालं.

जिममध्ये फी भरलेली असते, वेळ ठरलेली असते, ‘काल दिसला नाहीत’ असं विचारणारं कोणीतरी असतं आणि गेल्या महिन्यापेक्षा आज वजन जास्त उचललं हे आकड्यात दिसतं. घरी यातलं काहीच आपसूक मिळत नाही, ते मांडून घ्यावं लागतं. शिवाय घरी एक गोष्ट जास्तीची लागते. खंड पडल्यावर परत कसं यायचं, हे खंड पडायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. तुमचं तिन्ही वेळा तिथंच अडलं आहे, म्हणून आमच्या उत्तराचा बराचसा भार त्यावरच आहे.

आधी ४५ मिनिटं काढून टाका. आठवड्यातून तीन दिवस २० मिनिटांचा पूर्ण व्यायाम करायचा आणि उरलेल्या दिवशी फक्त पाच मिनिटांचा. या पाच मिनिटांना आपण किमान हप्ता म्हणू. मुद्दल फेडायला जमत नसेल त्या महिन्यातही हप्ता थकवायचा नसतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हप्ता असा: खुर्चीवरून दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून आठ जोर आणि उरलेला वेळ जागच्या जागी चालणं. घाम येत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत. ताप किंवा दुखापत नसेल तर तो कुठल्याही दिवशी होतो, पाहुणे आले असले तरी. एवढ्यानं काय होणार, असं मनात येईल. अंगात ताकद त्यानं फारशी येत नाही, हे खरंच आहे. पण दिवस कोरा जात नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ‘आजपासून पुन्हा सुरुवात’ असा डोंगर समोर उभा राहत नाही.

वेळ घड्याळावर ठरवू नका. पाणी, दूध, शाळेची रिक्षा, साऱ्यांनी घड्याळातली वेळ हलते. व्यायाम रोजच्या एखाद्या कामाच्या शेपटीला बांधा. तुमच्या घरात कुकर लावणं हे सगळ्यांत भरवशाचं काम असणार. वरण-भाताचा कुकर लावला की शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत १५-२० मिनिटं जातात आणि तेवढा वेळ तुम्हाला शिट्टी ऐकू येईल अशा अंतरावर थांबायचंच असतं. तेव्हा एका कागदावर लिहा: ‘कुकरचं झाकण लावलं की खुर्ची भिंतीला.’ हा कागद ओट्यासमोरच्या टाइलवर चिकटवा. सोमवार, बुधवार, शनिवार पूर्ण व्यायाम. बाकी दिवशी पहिल्या शिट्टीपर्यंत हप्ता. ‘सकाळी करेन’ असं मनाशी म्हणणं वेगळं आणि ‘हे झालं की ते करेन’ असं बांधून ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात त्या क्षणी विचार करावा लागत नाही, आणि आळस शिरतो तो त्या विचाराच्या फटीतूनच.

आता पाण्याचा दिवस. तो सुट्टीत धरू नका, वजनाच्या दिवसात धरा. भरलेली १५ लिटरची बादली म्हणजे बादलीसकट १५ किलोहून थोडं जास्तच. ती एका हातात घेऊन, कंबर एका बाजूला कलवून, घाईघाईनं खेपा घातल्या की दुसऱ्या दिवशी अंग जड होतं. तुमचं तेराव्या दिवसाचं जडपण तिथून आलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्याऐवजी दोन बादल्या घ्या, प्रत्येकीत दहाच लिटर. बादल्या दोन्ही पावलांच्या बाजूला ठेवा, पाठ सरळ ठेवून गुडघ्यांतून खाली जा, पायांच्या जोरावर उठा, खांदे मागे, मान सरळ, पावलं लहान. २०० लिटरचा पिंप अशा दहा खेपांत भरतो. पंजे, खांदे, पोट, पाठ, मांड्या, सगळे एकदम कामाला लागतात. जिममध्ये दोन्ही हातांत डंबेल देऊन चालायला लावतात तो हाच प्रकार. ओल्या फरशीवर झिजलेली स्लीपर घालू नका, अनवाणी किंवा पकड असलेली चप्पल घाला आणि वळणावर पायपुसणं टाका. दहा खेपा झाल्या की त्या दिवसाचा पूर्ण व्यायाम झाला असं निःशंक लिहा. मोटार लावून पाणी टाकीत चढत असेल तर मग तुम्ही मोकळ्याच आहात. टाकी भरेपर्यंत हप्ता उरकून घ्या.

मोबाइलवरचा व्हिडिओ सध्या बंद. एक तर तो लावायला फोन हातात घेतला की आधी व्हॉट्सअॅप उघडतं. दुसरं, अशा व्हिडिओंत उड्या फार असतात. गुडघ्यांची तक्रार असताना सुरुवातीलाच उड्या नकोत आणि खालच्या मजल्यावरच्यांची भीड पडते ती वेगळीच. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं: तोच व्हिडिओ पहिल्या दिवशी आणि अकराव्या दिवशी सारखाच असतो. आपण पुढे सरकलो की नाही हे कळायला त्यात जागाच नाही. कंटाळा बहुतेक वेळा व्यायामाचा येत नसतो, एकाच पायरीवर उभं राहण्याचा येतो.

म्हणून पाच हालचाली घ्या. प्रत्येकीला पायऱ्या आहेत. सुरुवातीला तीन मिनिटं खांदे फिरवणं, जागेवर चालणं, कंबर दोन्ही बाजूंना वळवणं.

पहिली, उठबस. लाकडी किंवा लोखंडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते, जुनी असेल तर पाय फाकतो. पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीला टेकलेल्या. बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली जा आणि धपकन बसू नका, कारण सावकाश खाली जातानाही स्नायूला चांगलं काम मिळतं. गुडघे आत वळू देऊ नका, ते पायांच्या बोटांच्या दिशेनं राहू द्या. खाली जाताना दुखत असेल तर खुर्चीवर एक-दोन उशा ठेवून उंची वाढवा. दुखायचं थांबलं की एकेक उशी काढा. नुसता आवाज येतो आणि दुखत नाही, सूज नाही, तर त्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. गुडघा सुजतो, अडकतो किंवा जिना उतरताना दगा देतो असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

दुसरी, जोर. पायऱ्या अशा: भिंत, मग स्वयंपाकाचा ओटा, मग पलंगाची कड, मग जमीन. अंग जितकं आडवं तितका भार हातांवर जास्त. ओटा आधी कोरडा पुसा. तेलकट ग्रॅनाइटवरून हात घसरला तर हनुवटी कडेवर आपटते. ओट्यापाशी पेटलेली शेगडी आणि कुकर असेल तर त्यापासून लांबची बाजू धरा, नाहीतर दुसरं भक्कम टेबल बघा. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत ठेवायचं. कंबर खाली लोंबायला लागली की ती फेरी तिथंच संपली असं समजा.

तिसरी, ओढणं. घरगुती व्यायामात ही हमखास राहून जाते, कारण ओढायला काही नसतं. आठ तास हिशेबाच्या वह्यांवर आणि संगणकावर वाकणाऱ्या पाठीला तर हीच सगळ्यांत जास्त हवी. आपल्याकडे तिचं साधन घरोघरी घडी घालून पडलेलं आहे, सोलापुरी चादर. विरलेली नको, अंगात दम असलेली घ्या. खिडकीचे लोखंडी गज भिंतीत पक्के रोवलेले असतील तर चादर लांबीनं गोळा करून छातीच्या उंचीवर दोन गजांमागून काढा आणि दोन्ही टोकं हातांत धरा. एकाच गजाला घातली तर ती सरकते. पाय खिडकीजवळ, अंग सरळ ठेवून मागे रेला आणि कोपरं बरगड्यांना घासत छाती खिडकीकडे ओढा. पाय जितके पुढे सरकवाल तितकं जड होईल. पहिल्या दिवशी आधी नुसतं हातानं हिसके देऊन गज हलतात का बघा. स्क्रूवर बसवलेली अॅल्युमिनियमची चौकट, गंजलेले गज किंवा सरकती खिडकी असेल तर हे अजिबात करू नका. मग पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्यानं भरा, एक हात पलंगावर टेकून वाका आणि दुसऱ्या हातानं कॅन कंबरेपर्यंत ओढा. पाणी भरलं तर तो पाच किलो, कोरडी वाळू भरली तर आठ किलोच्या आसपास होतो.

चौथी, सेतुबंध. पाठीवर झोपून गुडघे वर, पावलं जमिनीवर, कंबर उचलून दोन आकडे वर थांबा. जोर टाचांतून द्या. कमरेत कळ आली तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त वर जात आहात. पाचवी, गुडघे टेकून प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि गुडघ्यांवर अंग सरळ रेषेत तोलून धरणं, २० सेकंद. जमिनीवर चादर चौघडी टाकता येते, पण गुळगुळीत टाइलवर ती घसरते. खाली सतरंजी अंथरा.

उठबस, जोर, ओढणं आणि सेतुबंध प्रत्येकी आठ वेळा, शेवटी प्लँक, ही एक फेरी. मधे धाप खाली बसेपर्यंत थांबून फेरीला साधारण पाच मिनिटं लागतात. पहिला आठवडा एकच फेरी करा. उत्साह कितीही असो, एकच. सवय नसलेल्या स्नायूला व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत दुखणं येतं; पहिल्याच दिवशी तीन फेऱ्या केल्या तर तिसऱ्या दिवशी भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं अवघड होतं आणि मन म्हणतं, हे आपलं काम नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन फेऱ्या, चौथ्यापासून तीन. प्रत्येक वेळी ‘अजून दोन-तीन जमले असते’ इथं थांबा. श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडायचा, परत येताना घ्यायचा. कोंडलेल्या श्वासानं रक्तदाब एकदम चढतो. तीनही फेऱ्यांत बारा-बारा वेळा जमलं, आणि तेही सलग दोन व्यायामांत, की त्या हालचालीची पुढची पायरी चढा आणि आकडा पुन्हा आठवर आणा. एखाद्या हालचालीत पायरी लवकर चढते, जोरात उशिरा. बायकांना भिंतीवरून ओट्यावर यायला महिना-दीड महिना लागला तरी त्यात कमीपणा नाही.

सूर्यनमस्कार का सांगितले नाहीत, असं तुम्ही विचाराल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत पोचवलेला हा व्यायाम उत्तमच आहे. मात्र त्यातल्या साष्टांग स्थितीत अंग जमिनीपर्यंत नेताना मनगटं, खांदे आणि गुडघ्यांवर एकदम भार येतो, आणि ओढण्याचं काम त्यात नाही. पलंगाच्या कडेवरचे जोर बाराला पोचले की पूर्ण व्यायामाच्या आधी सहा नमस्कार घाला, ते तेव्हा छान होतात.

हिशेब ठेवायला भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. पूर्ण व्यायाम झाला की चौकोनात फुली, हप्ता झाला की टिंब. फुलीशेजारी एकच आकडा लिहा: त्या दिवशी जोर कुठल्या पायरीवर किती झाले. नियम एकच, दोन रिकामे चौकोन शेजारी शेजारी येऊ द्यायचे नाहीत. एक रिकामा राहिला तर राहू द्या, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयींचा माग काढून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य तेव्हा विसरून जा. अकराव्या दिवशी तुम्हाला व्यायाम ओढून-ताणून करावा लागत होता तो त्यामुळेच. अजून वेळच झालेली नव्हती.

आणि वजनाचा काटा कपाटाखाली ढकला. पाणी, मीठ, पाळीचे दिवस यांनी वजन एक किलो इकडेतिकडे सहज होतं, त्यात ११ दिवसांचा व्यायाम कुठं दिसणार? तुमच्या वजनाच्या माणसाचे असल्या २० मिनिटांत साधारण ८० ते १०० कॅलरी खर्च होतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० च्या आसपास असतात. वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून. भाकरीवर शेंगा चटणी आणि तेल किती पडतं, हे एकदा चमच्यानं मोजून बघा, कोणी उपाशी राहायला सांगत नाही. व्यायामानं दुसरं काही मिळतं आणि ते मोजायला दुसरी मापं लागतात. आजच ३० सेकंदांत, हात छातीवर ठेवून, खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजून लिहा. बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर टेपनं मोजा, सकाळी, उपाशीपोटी. दोन्ही दर महिन्याच्या एक तारखेला. उठबशीचा आकडा महिन्याभरातच वाढलेला दिसतो, आणि वाढलेला आकडा बघितल्यावर चटई उलगडायला जीव लागत नाही.

चालण्याचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. ताकदीचं वर आलं. मिनिटांसाठी रोज दुपारच्या डब्यानंतर दहा आणि रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, एवढ्यानं १५० पार होतात. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं. जेवणानंतर चालल्यानं रक्तातली साखर कमी चढते. घरात मधुमेह असेल तर सगळ्यांनाच घेऊन निघा. रविवारी धर्मवीर संभाजी तलावाकडे एक फेरी होऊ शकते, पण तिच्यावर आठवडा अवलंबून ठेवू नका.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झाडणं, पुसणं, पाणी भरणं ही हालचालच आहे आणि ती या मिनिटांत धरावी. पण फरशी दर महिन्याला जड होत नाही. स्नायूला बळ येतं ते भार थोडा थोडा वाढत गेला तर, आणि घरकामात भार वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. त्यांच्याशी यावर वाद घालू नका. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची भिंतीला लावा आणि त्यांना पाच वेळा उठबस करायला बोलवा, गरज पडली तर हातांचा आधार घेऊन. त्या वयात खुर्चीवरून बिनआधार उठता येणं फार मोलाचं असतं. एकदा त्यांचा हप्ता सुरू झाला की ‘आज झालं का गं तुझं?’ हा प्रश्न घरातच तयार होतो, तुमच्या जिममधल्या प्रश्नाची जागा तो घेतो. मुलीला आकडे मोजायला सांगा. पंजाबी ड्रेसवर हे सगळं होतं, ओढणी तेवढी बाजूला ठेवा. साडीत सेतुबंध आणि प्लँक नीट होत नाहीत, त्या दिवशी उरलेल्या तीन हालचालींवर भागवा.

उन्हाळ्याचा बेत वेगळा लागतो, कारण मार्चअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आपल्याकडे घर भट्टी होतं. पारा ४२ च्या वर गेला की दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सात-आठला खोलीत उष्णता ओतत असतो. तेव्हा संध्याकाळचा कुकर सोडा आणि सकाळच्या डब्याच्या कुकरला व्यायाम बांधा. सूर्योदयाच्या सुमाराची वेळ दिवसातली सगळ्यांत थंड. कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो, घाम सुकत नाही आणि जीव घाबरा होतो. आधी एक पेला पाणी, नंतर मीठ घातलेलं ताक (रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं असेल तर बिनमिठाचं), मानेवर ओला टॉवेल. तीन फेऱ्यांच्या दोन करा, पायरी मात्र खाली आणू नका. डोकं ठणकलं, गरगरलं, मळमळलं तर तिथंच थांबा, सावलीत पडून राहा, अंग पुसा. एप्रिल-मे हे महिने टिकवण्याचे, वाढवण्याचे नव्हेत.

आता सणवार, लग्नं, आजारपणं. हे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं गोल करून ठेवा: गड्ड्याचे (सिद्धेश्वर यात्रेचे) दिवस, मुलीची परीक्षा, लग्नसराई, गौरी-गणपती, दिवाळी, मार्चअखेर. त्या गोलांत फक्त हप्ता, फुलीची अपेक्षाच नाही. असा ठरवून घेतलेला खंड आणि ‘सुटलं’ म्हणून वाटणारा खंड, दोन्हींत दिवस तेवढेच जातात. पण पहिल्यातून माणूस परततो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, खांद्यावर घेऊन ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, आणि त्या मानकऱ्यांचा सराव संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून दर वर्षी नव्यानं सुरू होतो. गेल्या वर्षी पेलला होता म्हणून यंदा थेट खांद्यावर कोणी घेत नाही. परतण्याची रीत तुमच्यासाठीही तशीच लिहून ठेवा. आठवड्यापर्यंतचा खंड असेल तर पायऱ्या त्याच, पहिल्या दिवशी एक फेरी कमी. दोन-तीन आठवडे गेले तर पहिला आठवडा एकच फेरी. महिन्याच्या वर गेलं तर प्रत्येक हालचाल एक पायरी खाली, म्हणजे पलंगावरून ओट्यावर, आणि एकच फेरी. आधी कमावलेली ताकद नवशिक्यापेक्षा बरीच लवकर परत येते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत तुम्ही जुन्या जागी असाल. ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर दोन दिवस नुसतं चालणं, मग हप्ता.

रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, छातीत दुखणं किंवा थोड्या श्रमानं दम लागणं असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल किंवा पाठीच्या मणक्याचा त्रास असेल, तर हे पान डॉक्टरांना दाखवूनच सुरुवात करा. पत्रात तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, तरी विचारून घेतो.

सोमवारची वाट बघू नका. आज रात्री झोपायच्या आधी खुर्ची भिंतीला लावा, चादर खिडकीपाशी ठेवा, कागद टाइलवर चिकटवा आणि ३० सेकंदांची उठबस मोजून दिनदर्शिकेवर आजच्या चौकोनात लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा पत्र पाठवा. त्यात वजन लिहायची गरज नाही. जोर भिंतीवर आहेत की ओट्यावर, फेऱ्या किती होतात आणि रिकामे चौकोन कुठल्या वारी जास्त पडले, एवढं कळवा. वार कळला तर तो कुकर बदलायचा की वेळ, हे सांगता येईल.